एकेचाळीस नंबरचा नमुना

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत, साहेबसुद्धा. सव्वीस वर्षं नोकरी, आणि हात असा की थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही. माणूस विसरायला लागतो त्याच्या कितीतरी आधी रक्तात एक प्रथिन वाढतं, अगदी नावापुरतं. ते पकडणारी चाचणी आम्ही सहा वर्षं घडवत होतो. ताईची मुलगी परदेशात, तिला लहान पोर. "एकदा चाचणी मार्गी लागू दे, मग जाते नातीकडे," असं ताई दरवर्षी म्हणायची.

तुलनेला निरोगी माणसांचं रक्त लागतं. आणणार कुठून? आम्हीच बाह्या वर करायचो. नळीवर नाव नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ती वही माझ्याकडे, कुलपात.

एकेचाळीस नंबरमध्ये त्या प्रथिनाचा आकडा वर गेला. ताईने तीनदा लावून पाहिला, तिन्हीदा वरच. "माझाच हात चुकला असणार रे," ती म्हणाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. वही उघडली. एकेचाळीस म्हणजे तीच.

साहेबांकडे गेलो. "ती? अहो, तिला सगळ्यांचे फोन नंबर तोंडपाठ आहेत! नमुना खराब म्हणून काढून टाका. कच्च्या चाचणीवरून कुणाला घाबरवायचं नसतं."

डोंबलाचं घाबरवणं! निरोगी माणसाचा एक जरी आकडा वर गेला तरी अहवाल लंगडा पडणार होता, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. मी शेपूट घातलं. 'नमुना खराब' हा शेरा लिहायला ताईलाच सांगितलं. तिने माझी माफी मागत तो लिहिला.

अहवाल गाजला. निरोगी माणसांत एकही चूक नाही म्हणून साहेबांचा सत्कार झाला, मीही टाळ्या पिटल्या.

तीन वर्षांनी ताई रोजच्या यंत्रासमोर उभी राहून मला विचारू लागली, "हे सुरू कसं करतात रे?" मग ती घरी बसली. मुलगी पोरीला घेऊन आली, तेव्हा ताईने नातीला विचारलं, "कुणाची गं तू?"

परवा भेटायला गेलो होतो. तिचे यजमान दारापर्यंत सोडायला आले.

"एक विचारू? तुमच्याकडे तिचंही रक्त तपासलं होतं ना? तेव्हा जरा जरी कळलं असतं, तरी मी तिला उचलून मुलीकडे नेलं असतं."

"नाही हो. तेव्हा काहीच नव्हतं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "बरं झालं सांगितलंत. मी उगाच स्वतःला दोष देत बसलो होतो."