रजिस्टर नंबर सांगा, नाव नको

साऱ्या छत्रपती संभाजीनगरात माणसाला नावाने ओळखण्यास ठाम नकार देणारे एकच गृहस्थ होते, आणि ते आमच्या शाळेचे मुख्य लिपिक होते. शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाला जनरल रजिस्टरमध्ये क्रमाने एक नंबर मिळतो. जुनी सगळी रजिस्टरे त्यांनी स्वतः संगणकात उतरवली होती, आणि नोंद शोधायची ती नंबरानेच, हा त्यांचा दंडक होता. "नाव ही दारावरची पाटी, सर. किल्ली म्हणजे नंबर," असे ते मला, एका गणिताच्या शिक्षकाला, समजावून सांगत. एका माजी विद्यार्थिनीच्या लग्नात अक्षता टाकून ते नवरीला म्हणाले, "अडतीसशे बारा, सुखी राहा." नवरदेव पंगत उठेपर्यंत विचारात होता.

या हट्टामागे कारण होते. पूर्वी एकदा घाईत नावाने शोधून त्यांनी एकीचा दाखला त्याच नावाच्या दुसरीला दिला. त्यावरची चुकलेली जन्मतारीख दुरुस्त करून घेण्यात त्या मुलीचे वर्ष वाया गेले. तेव्हापासून शोधाच्या खिडकीत त्यांनी कधी अक्षर टाकले नाही.

एके दुपारी फुलंब्रीहून एसटीने एक बाई आली. लहानपणी ती आमच्याच शाळेत होती. शहरातल्या एका वसतिगृहात तिला मदतनीसाची जागा मिळत होती. मात्र शाळा सोडल्याचा दाखला त्याच दिवशी पाचच्या आत हवा होता, आणि तिचा कधीच हरवला होता.

"नंबर?"

"नाय ठाऊक, सर. सुनीता टाका की. सुनीता कचरू."

"अशा तीन आहेत," ते संगणकाकडे न पाहता म्हणाले. "तुम्ही त्यांतल्या कोणत्या?"

"मी हीच की."

तिघींच्या नोंदी उघडू, अंदाज येईल, असे मी सुचवले. "अंदाजावर दाखला देत नाहीत, सर." चार वाजले होते. बाईचा चेहरा उतरला. लिपिकांनी चष्मा पुसला.

"शाळेत पहिल्या दिवशी कोणाबरोबर आलात?"

"भावासंगं. आबानं दोघांचं नाव एकाच दिवशी घातलं."

भाऊ चितेगावला कंपनीत कामाला होता. त्याला फोन लावला, त्याने घरी लावायला सांगितले. त्याच्या बायकोने घरातला दाखला काढून नंबर वाचला: एक्केचाळीसशे बहात्तर. लिपिकांनी तो टाकला. भावाचीच नोंद. मग त्र्याहत्तर टाकला. कोणी परका मुलगा निघाला. बाईने पदर मुठीत घट्ट धरला. त्यांनी एकाहत्तर टाकला.

सुनीता. वडील कचरू. दाखल झाल्याची तारीख भावाचीच.

"थोरल्या तुम्ही?"

"व्हय."

"म्हणून आधीचा." सही-शिक्क्याचा दाखला हाती देताना ते म्हणाले, "नंबर पाठ करा. पुन्हा आलात की विचारीन." आकडा पुटपुटत ती जिना उतरली. जागा तिला मिळाली.

यंदा ते निवृत्त झाले. नवा लिपिक चटपटीत आहे. नाव टाकतो, यादी येते, त्यातले एक निवडतो. जूनमध्ये सुनीता लेकीला दाखल करायला आली. खिडकीशी उभी राहून, कोणी काही विचारण्याआधीच म्हणाली, "एक्केचाळीसशे एकाहत्तर." मग खुर्चीतल्या नव्या माणसाकडे तिचे लक्ष गेले.

"ते सर नायत व्हय? इचारीन म्हनले होते."

मी मुलीचा नवा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. घरी पोहोचल्यावर माझ्या लक्षात आले, त्या मुलीचे नाव विचारायचे राहूनच गेले होते.