फाटक पडलं की पडलं

आमच्या मालकांनी पिंगळीकडच्या एका रेल्वे फाटकावर एकतीस वर्षं काढली. गाडी यायची झाली की फाटक पाडायचं, गाडी गेली की उचलायचं, एवढंच काम. पण तोरा असा की जणू गाडी हेच ओढून नेतेत. मोटारीतला साहेब उतरून हात जोडो न्हाईतर शिव्या देवो, हे आपले झेंडी धरून रुळाकडं तोंड करून हुबे. गावात त्यांना दत्तराव कुणी म्हणत न्हाई, फाटकवाले म्हणतेत. आन् मला फाटकवालीण. माझं चांगुणाबाई हे नाव फक्त रेशनकार्डावर ऱ्हायलंय.

रिटायर होऊन दोन वर्षं झाली. तवापासून ह्यांना घरात करमंना. आमच्या धम्मशीलेच्या लहानपणी ह्या माणसानं तिला सुटीतला एक दिवस दिला न्हाई. पोरगी दुपारी डबा घेऊन फाटकावर जायची, तेवढीच बापलेकीची भेट. ते आता त्यांना खुपतंय. म्हणून यंदा पुण्याहून नातवंडं तीन आठवडे येणार म्हणल्यावर ह्यांचं काय काय ठरलं. विहिरीत पवायला शिकवायचं, आंबे पाडायला न्यायचं. यशोधरा दहा वर्षांची, बुद्धभूषण सात वर्षांचा.

आन् भर मे महिन्यात पाऊस लागला की वो. रोज. वर विजा. दाराबाहीर पाय टाकला की चप्पल चिखलातच ऱ्हायची आन् नुसता पाय वर यायचा. लाईट गेलेली, मोबाईलात जीव न्हाई. पहिल्या दिवशी लेकरं पत्ते खेळले, दुसऱ्या दिवशी पत्त्यावरून भांडले, तिसऱ्या दिवशी भूषणनं पिठाच्या डब्यात मांजर बसवलं. चौथ्या दिवशी माझ्या मोबाईलात जी उरलीसुरली चार्जिंग व्हती, तिच्यावर यशोधरानं आईला फोन लावला. "मम्मा, इथे काहीच नाहीये. आम्हाला घेऊन जा." धम्मशीला म्हणली, रविवारी गाडी करून येते.

हे तिथंच जेवत व्हते. अर्धी भाकर ताटात ठेवून उठले. मला लय वंगाळ वाटलं. एवढ्या वर्षांनी माणसाच्या हातात लेकरं आली व्हती, तीबी चालली.

गुरुवारी सकाळी पाहते तर माझ्या सैपाकघराच्या दारात दोन स्टुलांवर माझी कपडे वाळू घालायची काठी आडवी. फरशीवर खडूनं रूळ काढलेले, आतल्या खोलीतून सैपाकघराच्या दारावरून थेट ओसरीपर्यंत. यशोधरा टेसनमास्तर, भूषण गाडी आन् हे फाटकवाले. दोन डब्यांना दोरा बांधून फोन केलेला. आतून मास्तरीण सांगायची, "गाडी सुटली, नंबर तेवीस." हे वहीत लिहायचे, काठी पाडायचे, फाटक पडल्याची खूण म्हणून उलट आपला नंबर सांगायचे. नंबराबिगर काठी हलायची न्हाई आन् गाडी गेल्याबिगर उठायची न्हाई.

मी चहा घेऊन दाराशी आले.

"थांबा," हे म्हणले. मला! जलमभर 'अगं ए' म्हणणारा माणूस.

"कुठं हाय गाडी?"

"आउटरला हुबी हाय."

आउटर म्हणजे टेसनाबाहीरचा सिग्नल, आमच्या घरात संडास. धा मिनिटं गाडी तिथून हलंना. चहावर साय धरली. वैतागून मी वाकून काठीखालून निघाले, तर ह्यांनी कानात दडे बसतील अशी शिट्टी मारली. "बाई, जिवाची पर्वा हाय का न्हाई? मागं व्हा."

गेले मागं. काय करता.

दुपारी मी ओसरीत आन् दूध गॅसवर. मधी फाटक बंद. माझ्या डोळ्यांदेखत दूध वर वर यायलंय. मी म्हणले, "अवो, दूध उतू जायलंय." हे वहीतून मान वर न करता म्हणले, "जाऊ द्या. दूध पुन्हा मिळतं." त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले न्हाई. त्यांना काय फरक पडायलाय, ते ड्युटीवर व्हते.

शुक्रवारी भूषणची मालगाडी झाली. उशा, पाटी, माझा रिकामा डालडाचा डबा, सगळं दोरीनं बांधून ओढायचा. यशोधरानं कॅलेंडरच्या मागं टाईमटेबल लिहिलं आन् आजोबांना रागावली, "नंबर उशिरा का दिलात?" हे म्हणले, "चुकलं, मास्तर." दुपारी लाईट आली, टीव्ही आपोआप सुरू झाला. बंद करायला मलाच उठावं लागलं, लेकरांचं तिकडं ध्यानच न्हाई.

पण रविवारचं नाव कुणी काढंना. मी म्हणले, "लेकीला फोन करून सांगा की, लेकरं रमलेत म्हणून." हे म्हणले, "कसं सांगू? म्या तिला कधी सुटी दिली व्हती का? लेकरं तिची हायत." आन् रविवारी सकाळी ह्यांनी आपल्याच हातानं फाटक मोडलं. लेकरांचे कपडे घडी करून बॅगा भरल्या. झेंड्या पेटीत गेल्या, शिट्टी तेवढी खिशात ऱ्हायली.

अकराला दारात गाडी वाजली. लेकरं आतल्या खोलीत गुपचूप. हे खुर्चीत, भिंतीकडं तोंड. धम्मशीला छत्री मिटवत ओसरीला चढली आन् मला काय झालं कुणास ठाऊक. कोपऱ्यातली काठी उचलली आन् दारात आडवी धरली.

"थांब," म्हणले.

"आई, हे काय करायलीस?"

"गाडी यायलीय."

"कोणती गाडी?"

आतून यशोधरा बोलली, "मालगाडी. आउटरला उभी आहे."

"किती लेट आहे?" धम्मशीलेनं विचारलं.

कॅलेंडरचं पान वाजलं. "चौदा दिवस. सुटी संपेपर्यंत."

आता हे उठले. मला वाटलं रागावतेत, काठी घेतेत. तर मलाच विचारतेत, "नंबर घेतला का?"

मी कुठला घेते!

"नंबर तेवीस," मास्तरीण वरडली. ह्यांनी वही काढली, चष्मा शोधला, नंबर लिहिला, उलट आपला नंबर सांगितला. मग काठीचं दुसरं टोक धरून लेकीपुढं हुबे ऱ्हायले. डोळे भरलेले. म्हणले, "बाई, मागं व्हा."

धम्मशीला दोन पावलं मागं सरली. फाटकावर डबा घेऊन जायची तवाबी अशीच सरायची, फ्रॉक सावरत. जराशानं तिनं गाडीवाल्याकडं पाहिलं.

"दादा, तुम्ही जावा. फाटक बंद हाय. मी उद्या रेल्वेनं जाईन, एकटीच."

गाडी गेली. मग पोरगी वाकली आन् काठीखालून आत आली. ह्यांनी शिट्टी तोंडात धरली व्हती, पण वाजवली न्हाई.