दुपट्ट्यानं धरलेली जागा

सौंदडला गाडीत चढलेल्या त्या गृहस्थांनी आधी शेजारच्या सीटवर खांद्यावरचा दुपट्टा टाकला, मग स्वतः बसले. आमच्या भागात सीटवर दुपट्टा पडला की जागा धरली गेली, त्यावर कोणी वाद घालत नाही. वय पन्नाशीपुढचं, आणि केसांचा ताजा कलप थोडा कानावरही उतरलेला.

मी जुन्या चिनी कवितांचा अनुवाद वाचत होतो.

"कायचं पुस्तक हाये?"

"प्रेमाचं. बाई नदीपलीकडे राहते. हा अलीकडे झुरतो आणि कविता करतो."

"नदीत डोंगा नव्हता का?"

"असेल की."

"मंग गेला काऊन नाई?"

एवढ्या कवींत याचं उत्तर कोणीच दिलं नव्हतं. मी पान उलटलं.

अर्जुनी आली तसे त्यांनी केस विंचरले, दुपट्ट्यानं सीट झटकली. डबा घेतलेली एक बाई चढली. हे अर्धवट उठले. ती ओळखीचं हसली आणि दाराशी मैत्रिणींच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली.

"रोज तिथंच उभी राहते," ते मला म्हणाले.

"मग तुम्ही बोलत काऊन नाही? मधे तर नदीही नाही!"

त्यांनी दुपट्ट्याची घडी सारखी केली. "त्या चिन्यानं नुसतं लिहिलं. मी जागा तरी धरून राहिलो ना!"

पुढल्या स्टेशनावर एक धडधाकट तरुण आला. दुपट्ट्याकडे बोट करून त्यानं विचारलं, "इथं कोणी आहे का?"

ते तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "आहे."