तारेतला एक शब्द आणि शालनअक्का

शालनअक्का गेल्याचं सांगायला तिचा दीर तानाजी पलूसजवळच्या गावातून फटफटीवर थेट सांगलीला, माझ्या शाळेत आला. "मास्तर, वयनी गेली," तो म्हणाला. कावीळ हाताबाहेर गेल्याचं मला ठाऊक होतं. तानाजीला मात्र अजून काहीतरी सांगायचं होतं. "बायका अडून बसल्यात. मळवट भरायचा का न्हाई, कोनीच सांगंना. तुमी तिचं भाऊ, तुमी चला..." नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं कपाळ कुंकवानं भरतात, तिला हिरवी साडी नेसवतात. आणि अक्काचा नवरा हयात आहे की नाही, हे एकाहत्तरच्या लढाईपासून कुणालाच माहीत नव्हतं. फटफटीवर मागं बसून जाताना मला रडू आलं नाही, संताप आला. मेल्यावरही या बाईची सुटका नाही.

अक्का माझी चुलतबहीण. भांडखोर, मोठ्यानं हसणारी. दाजी पलटणीत होते. लढाई संपली, आसपासच्या गावांतली पोरं परत आली, काहींच्या मरणाच्या तारा आल्या. दाजींची तार आली तीत 'मिसिंग' असा शब्द होता. नात्यात इंग्रजीचा मास्तर मी एकटा, म्हणून मला बोलावणं आलं. "सापडत नाहीत," मी म्हणालो. "म्हंजी?" सासूनं विचारलं. "म्हणजे... सापडत नाहीत." मी काहीतरी लपवतोय अशा नजरेनं सगळे बघत राहिले. विहिरीवरचं इंजिन मधेच ठोका चुकवायला लागलं की तानाजी 'मिसिंग मारतंय' म्हणायचा. त्याला तेवढाच अर्थ ठाऊक. तो म्हणाला, "मग दुरुस्त हुतंय की." त्याला कुणी गप्प केलं नाही, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं होतं.

मग अक्कानं मला साताऱ्याला नेलं. मी तिला नेलं असं लिहायला बरं वाटलं असतं, पण नेलं तिनंच. तिथं ओळखीचे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी तार वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बाई, मानूस गेला तर गेला म्हनून कळवत्यात. जखमी तर जखमी. ह्यो शब्द लिवला म्हंजी सरकारलाबी म्हाईत न्हाई." परतीच्या एसटीत उंब्रजजवळ तिनं तार पुन्हा उघडली. मग एकदम म्हणाली, "आप्पा, तुज्या पुस्तकात ह्यो शब्द कुठंकुठं येतो रं?" मी पडलो मास्तर, सुरू झालो. गाडी चुकली तर येतो, नेम हुकला तर येतो, पुस्तकातलं पान गळालं असलं तर येतो. लांबच्या माणसाची आठवण छळते तेव्हाही इंग्रज माणूस हाच शब्द काढतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. "एवढ्या ठिकानी येतो... पन मेला, असं कुठंच न्हाई?" मी नाही म्हणालो. खोटं नव्हतंच ते.

त्या 'नाही'वर ती पुढची सगळी वर्षं जगली. सासूनं लेकाची आशा कधीच सोडली होती. पितरांना जेवू घालायचा म्हाळ आला की म्हातारी रडायची, "त्याचंबी पान वाढू गं. माजं पोर उपाशी फिरतंय." अक्का आडवी यायची, "आत्याबाई, त्यो जेवतोय कुठंतरी." एकाच माणसासाठी दोघी रडायच्या आणि मग एकमेकींशी बोलायच्या नाहीत. गावच्या बायकांनी हळूहळू तिला हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं. तिचं हसणं गेलं, अंगावरचं मांस गेलं. पण बाहेरच्या दाराला तिनं कडी लावू दिली नाही. सासू लावायची, ही उठून काढायची. चोर शिरतील म्हटलं तर म्हणायची, "शिरू द्यात. त्यो आला आन् दार बंद दिसलं तर?" शेवटच्या भेटीत डोळे पिवळेजर्द, आवाज खोल गेलेला. "आप्पा, मी गेल्यावर त्याची वाट कोन बगंल रं?" मी मोसंबं सोलत बसलो.

पोचलो तेव्हा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात म्हातारी उठली, ट्रंकेतून हिरवी साडी काढून आली. एकजण हळूच म्हणाली, "आवं, तुमीच म्हनत हुता, त्यो न्हाई म्हनून."

"म्हनत हुते," म्हातारी म्हणाली. "पन हिला पांढरी नेसवली तर आज माज्या लेकाला मी माज्या हातानं मारलं, असं हुईल." तिनं तानाजीच्या बायकोच्या हातात कुंकवाचा करंडा दिला. "भर. कपाळभर भर."

परवा पुन्हा गेलो होतो. घर होतं तसंच आहे, फक्त तिचा आवाज नाही, आणि ते मला सोसत नाही. जेवणं झाल्यावर मी सवयीनं बाहेरच्या दाराच्या कडीला हात घातला. आतून म्हातारी म्हणाली, "मास्तर, ऱ्हाऊ द्या ती."

माझा हात कडीवरच होता.

"ती लावत न्हवती. आता वाट मलाच बगाय पायजे न्हवं..."

मी कडी सोडली आणि दार नुसतं लोटून आत आलो.