पश्चिमेकडं तोंड केलेली छत्री

बाजाराच्या दिवशी चारठाण्यात वालूरचा एक ओळखीचा माणूस भेटला. मिरच्या निवडता निवडता सहज म्हणाला, "गुरुजी, तुमचे माणिकअण्णा गेले की. तुमाला कळलं न्हाई का?" मला कळलं नव्हतं. आदल्या दिवशी दिवस कलताना वावटळ उठली, तिनं अण्णांच्या अंगणातली छत्री फिरवली. घरातून टीव्हीची नुसती खरखर येत राहिली, म्हणून शेजारीण आवाज कमी करा म्हणून सांगायला गेली, तर अण्णा खुर्चीत बसल्या जागी... भाजीची पिशवी तिथंच राहिली आणि मी मिळेल ती एसटी धरली. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

या गोष्टीला काही आठवडे झाले. छत्री म्हणजे पावसाची नव्हे, टीव्हीची. जाळीची, बैलगाडीच्या चाकापेक्षा मोठी. तिच्याविषयी लिहिल्याशिवाय अण्णांविषयी लिहिता येणार नाही.

चारठाण्याला बदली होण्याआधी मी वालूरच्या शाळेत होतो. अण्णांच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत. माझी बायकापोरं शिक्षणासाठी नांदेडला, अण्णांच्या घरात तर कुणीच उरलेलं नाही. दोन चुली, दोन माणसं आणि भाजी मात्र एकच, अशी आमची गिरस्ती. अण्णा कापसाच्या जिनिंगमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले. जीभ तिखट, मन लोण्याचं, असं म्हणायची पद्धत आहे. पण अण्णांच्या मनाचा पत्ता लागायला फार वेळ जायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा दिलीप वायरमनचं काम शिकून कुवेतला गेला होता. काकू, म्हणजे दिलीपची आई, वारल्या तेव्हा तो येऊ शकला नाही. नंतर त्याचा फोन आला, तो घ्यायला स्टँडवरच्या एसटीडी बूथवर मीच अण्णांना घेऊन गेलो. "रजा मिळाली की येतो," असं पोरगं म्हणालं असावं. अण्णा ओरडले, "आता येऊन काय करतूस? मेलेलं माणूस उठून बसतंय का?" आणि फोन आपटला. त्यानंतर दिलीपचा फोन आला नाही. अण्णांनी केला नाही. मी सांगून थकलो. "मी बाप हाय त्याचा," एवढंच उत्तर. मोडेल पण वाकणार नाही, अशी जात. पण स्टँडकडून कुणी आलं की मान वर व्हायची, ते मी रोज पाहत होतो.

मग एकदा अण्णा परभणीला पाहुण्यांकडं गेले. तिथं छत्री बसवणं चाललं होतं. मेकॅनिक ती इकडंतिकडं फिरवत असताना पडद्यावर क्षणभर भलतंच चित्र आलं: नकाशा, त्यावर सूर्य आणि आकडे. बाकीचे "पुढं घ्या, पुढं घ्या" म्हणत होते. अण्णा मात्र उठून उभे राहिले. निजामाच्या राज्यात शिकलेला माणूस, चौथीपर्यंत सगळं उर्दूत. अक्षरं अरबी, पण उर्दूसारखीच; त्यांनी नकाशावरचं कुवेतचं नाव वाचलं होतं.

परत आले ते वेड घेऊनच. "गुरुजी, तिथलं ऊन दिसतंय. आजचं ऊन!" छत्रीचं सामान टेम्पोतून आलं, पण मेकॅनिक आला नाही. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा बंद आणि मोर्चे चालू होते, एसटी बंद होती. अण्णांना कुठला दम! घरावर माळवद, ते हे ओझं पेलणार नाही, म्हणून अंगणातच खड्डा खणून सिमेंटात पाइप रोवला. जाळीच्या पाकळ्या जोडताना आम्ही दोन उलट्या बसवल्या, सगळं सोडवलं, पुन्हा जोडलं. मग तोंड कुठं करायचं हा प्रश्न. अण्णांनी मशिदीच्या पश्चिमेच्या भिंतीवरून दिशा धरली आणि छत्री थेट मावळतीला, जवळजवळ जमिनीला समांतर लावली.

मी म्हणालो, "अण्णा, हे उपग्रहावरून येतं. परभणीचा मेकॅनिक दक्षिणेला, वर बघा म्हणाला होता ना?"

"पोरगं तिकडं हाय," अण्णा बोट दाखवत म्हणाले, "आन् मी वर आभाळात काय बघू?"

दोन दिवस छत्री पोराकडं बघत राहिली. मी आत टीव्हीपुढं, अण्णा बाहेर. "आलं का?" "न्हाई, मुंग्या!" "आता?" "मुंग्याच!" पोटभर मुंग्या पाहिल्या. गल्लीतले लोक विचारायचे, "काय करायलेत हो अण्णा?" शेवटी अण्णांनी हार मानली आणि आम्ही ती बोटबोट दक्षिणेकडं, बोटबोट वर सरकवू लागलो. मध्ये अंगणातल्या कडुलिंबाची फांदी आडवी येत होती. दिलीपच्या लहानपणच्या झोक्याची फांदी. अण्णा तिच्याखाली बराच वेळ उभे राहिले, मग स्वतःच कुऱ्हाड घेऊन आले. फांदी पडली आणि थोड्या वेळानं आत मुंग्यांमधून एक माणूस बोलताना दिसला. मी असा ओरडलो की बाहेर अण्णांच्या हातातला पाना पडला.

गावात दुसरी छत्री आली ती पूर्वेकडं तोंड करून, गाण्यांसाठी. लोक अण्णांना हसायचे. अण्णा रोज संध्याकाळी कुवेतच्या अरबी बातम्या आणि हवामान, एवढंच बघायचे. आपल्याकडं सूर्य कलायचा तेव्हा तिथं अजून लख्ख ऊन असायचं. बातम्यांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. हवामान आलं की पुढं सरकायचे. आकडे मला त्यांनीच शिकवले. "हे गोल दिसतंय ते शून्य न्हाई गुरुजी, ते त्यांचं पाच." उन्हाळ्यात आकडा चढला की अण्णा उठून पंखा बंद करायचे. परभणीचा उन्हाळा, भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि हा माणूस घामानं निथळत बसलेला. मी चिडायचो. ते म्हणायचे, "तिकडं अठ्ठेचाळीस हाय. पोरगं उन्हात तारा वढायलंय आन् मी हितं वारा घेऊ?" फोन करा म्हटलं की पुन्हा, "मी बाप हाय त्याचा." मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. आज नुसती आठवण येते, आणि तिला कुठं ठेवावं कळत नाही.

माझी तार मिळून दिलीप दहाव्याच्या आदल्या दिवशी आला. पासपोर्ट कंपनीकडं असायचा, म्हणून आईच्या वेळी येता आलं नव्हतं, हे त्यानं मला आल्या आल्या सांगितलं. जणू मीच अण्णा होतो. मग अंगणात बघत म्हणाला, "काका, माझ्या झोक्याची फांदी कुठं गेली?" सगळे विधी उरकल्यावर एका संध्याकाळी त्याला वावटळीनं फिरलेल्या छत्रीशी उभं केलं आणि मी आत टीव्हीपुढं बसलो. "आलं का काका?" "मुंग्या!" आवाज अगदी बापाचा. चित्र आलं, नकाशा आला. तो दारात येऊन उभा राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. फांदीचं, आकड्यांचं, पंख्याचं.

त्यानं पडद्यावरच्या आकड्याला बोट लावलं. मग म्हणाला, "काका, मी उन्हात कुठं हाय? मी कोल्ड स्टोरेजमधी हाय. मासं आन् मटणाच्या गोदामात. बारा म्हयने अंगात सुटर..." तो उंबऱ्यावरच बसला. "अण्णानं एकदा इचारायचं तरी हुतं."

"तू सांगायचं होतंस," मी म्हणालो. दोघांचंही खरं होतं, आणि ज्याला सांगायचं तो आता नव्हता.

दिलीप परत गेला. किल्ली माझ्याकडं आहे. सवड मिळाली की वालूरला जातो, अंगण झाडतो, संध्याकाळी टीव्ही लावून त्याच खुर्चीत बसतो. नकाशा येतो, आकडा येतो, आता मलाही वाचता येतो. दिलीप तिकडं थंडीत काकडतो आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी पंखा लावायला बटणाकडं हात जात नाही.