स्टेशनच्या अंगाला

ते चिकूचे बागाईतदार. जेवण झालं की डहाणूच्या आमच्या क्लबात यायचे, बिलियर्ड्सच्या काठीला खडू लावून त्यावर हळूच फुंकर घालायचे. दवाखान्यापायी माझा खेळ कितीतरी वर्षं सुटला होता. पुन्हा शिकवा म्हटलं, तर लगेच तयार झाले. माझ्या कोपराला दोन बोटं टेकवून म्हणायचे, "घाई नको, डॉक्टर. जरा स्टेशनच्या अंगाला धरा. बॉल आपोआप जातो."

बॉल जायचा. मी त्यांना गुरू मानलं.

मग बलसाडच्या क्लबात सामना खेळायला गेलो. तिथे सोपे बॉलसुद्धा चुकले आणि लोक तोंड फिरवून हसले. परत येऊन मी टेबल तपासायला मुंबईचा मिस्त्री बोलावला. त्याने पाणसळ लावली. आमचं टेबल स्टेशनच्या उलट अंगाला, समुद्राकडे कललेलं निघालं. त्याने पायाखाली पाचर ठोकली.

त्यानंतर ते रोज हरू लागले. फुंकर तेवढी घालत राहिले.

एका रविवारी मी लवकर गेलो, तर ते टेबलाखाली बसून हातोडीने पाचर काढत होते. मला पाहून दचकलेही नाहीत. धोतर झटकून उठले आणि काठी माझ्या हातात दिली.

"धरा, स्टेशनच्या अंगाला."

मी धरली. बॉल गेला.

"बघा. शिकवलेलं काही वाया गेलं नाही."

डहाणूत त्यांच्या खालोखाल आता मीच. डहाणूबाहेर मी पुन्हा कधी काठी धरली नाही.