कुर्ल्यांचा तास

ही गोष्ट मी आमच्या मुख्याध्यापक गुरुजींनाही सांगितलेली नाही. शाळेत शिक्षक दोनच, ते आणि मी. शिवाय गुरुजी विचारणाऱ्यातले नाहीत आणि मी सांगणाऱ्यातली नाही, त्यामुळे सहा वर्षं छान गेली.

पाली गावाच्या आतल्या बाजूला आमची शाळा. ती मुलगी चौथीत होती. खोडकर असती तर बरं झालं असतं, ओरडता तरी आलं असतं. पण ती वर्गात नसायचीच. बाकावर असायची ती नुसती कुडी, आणि कधीकधी तीही नाही. खिडकीला गज नव्हते, मागे उतारावर पऱ्या वाहत होता, आणि मी फळ्याकडे वळले की ही खिडकीवाटे पऱ्यावर. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायला. दगडाखाली हात घालायची आणि नांगी लागू न देता कुर्ली बाहेर काढायची. घरच्या अभ्यासाच्या वहीत मात्र काही नाही. तारीखसुद्धा नाही.

त्याच सुमारास तालुक्याच्या प्रशिक्षणात एकांनी 'वर्तन करार' समजावला. सत्र जेवणाआधीचं होतं म्हणून मी जागी होते. मूल आणि शिक्षक, दोघांनी बसून दोन-तीन साध्या गोष्टी ठरवायच्या, रोज खूण करायची, शेवटी मुलानेच मागितलेलं बक्षीस द्यायचं. कल्पना चांगली होती, आजही म्हणेन. माती मी केली.

मला परिपत्रकाची भाषा सोडून दुसरं लिहिताच येत नाही. म्हणून करार असा झाला: 'मी खाली सही करणार, इयत्ता चौथी, कोणत्याही दबावाशिवाय लिहून देते की, वर्ग चालू असताना खिडकीवाटे बाहेर जाणार नाही.' पुढे रोज तारीख लिहिणं, एका तरी प्रश्नाचं उत्तर देणं. दहा दिवस, दहा चौकटी, प्रत्येकीवर वार. खाली शाळेचा शिक्का.

पालकांना दाखवायला हवा म्हणून तिच्या आईला बोलावलं, तर तो कागद बघून तिचा चेहरा उतरला.

"बाई, ह्याच्यात जमिनीचं काय नाय ना?"

"अहो वहिनी, जमिनीचा काय संबंध?"

"नाय, चुलत दिरानं असाच कागद आणला होता. सही केली नि आंब्याची दोन कलमं गेली."

मग मुंबईला नवऱ्याला फोन. तो स्पीकरवर म्हणाला, "शिक्का कसला हाय? गोल का चौकोनी?"

"गोल."

"मग नको करू."

शेवटी मुलीनेच पेन ओढून घेतलं. "मी करते. माझ्या नावावर काय नाय."

बक्षीस म्हणून मी कंपासपेटी सुचवली.

"हाय माझ्याकडं."

"मग काय हवं?"

"मी एक तास घेणार. कुर्ल्या कशा धरायच्या त्याचा. तुम्ही मागच्या बाकावर बसायचं. आणि वहीत लिहून घ्यायचं."

मी तेही करारात घातलं.

सोमवारी सुरुवात झाली. पहिल्या दिवशी तिने तारीख लिहिली. तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं आणि वर प्रश्न विचारला, पऱ्याचं पाणी पुढे कुठे जातं म्हणून. तो अख्खा तास मी त्यावर घालवला. किती वर्षांनी मला शिकवताना घड्याळ बघावंसं वाटलं नाही. वहीच्या मागच्या पानांवर ती आपल्या तासाची तयारी करत होती. कुर्लीचं चित्र, बाण, एकदोन सूचना. पुढच्या सोमवारपर्यंत सात चौकटींत खुणा झाल्या.

त्याच दुपारी फोन आला, उद्या केंद्रप्रमुख शाळा तपासायला येतायत, नवोपक्रम दाखवा. आमच्या धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही. अर्धवट कागद भिंतीवर शोभत नाही. मुलं घरी गेल्यावर मी उरलेल्या तीन खुणा करून टाकल्या. मधली वेगळ्या पेनाने केली, खरी वाटावी म्हणून. खाली लिहिलं, 'बक्षीस दिले. विद्यार्थिनीने तास घेतला. प्रतिसाद उत्तम.'

सकाळी तिने ते वाचलं. वाचायला मीच शिकवलं होतं.

"बाई, गुरुवारी मी उत्तर दिलंय."

"हं."

"आज तर मंगळवार हाय."

"साहेब गेले की सांगते. जा, जाग्यावर बस."

"आणि तास पण घेतलाय मी?" तिचा आवाज चढला नव्हता. आपल्याला झोपेत ताप आला होता का, असं विचारावं तसं विचारलं तिने.

केंद्रप्रमुख भला माणूस. चहा झाल्यावर त्यांनी कागद वाचला आणि तिला पुढे बोलावलं.

"तू घेतलास तास?"

मी हजेरीपटात डोकं घातलं. वर्गातल्या बाकीच्या अकरा मुलांनीही माना खाली घातल्या.

"हो," ती म्हणाली.

"कसा झाला?"

"आधी सगळी हसली. मग मी सांगितलं, मागून धरायची. पाठीवर बोट दाबलं की नांगी पोचत नाय. पोटाखालचं झाकण रुंद असलं की ती मादी. पिल्लं असली तर सोडून द्यायची. मग कोण हसलं नाय."

"आणि बाई?"

"बाई मागच्या बाकावर होत्या. वहीत लिहून घेत होत्या."

साहेब "वा वा" म्हणाले. फोटो निघाला. पुढे शिक्षण परिषदेत मला गुलाबाचं फूल आणि प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्र कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

त्याच आठवड्यात गुरुवारी मी वर्गात गेले आणि सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले. वही उघडली. "चल गो, ये पुढे. आज तुझा तास."

ती जागची हलली नाही.

"झाला ना, बाई."

"अगं, तो खरा नव्हता."

"सगळं सांगितलं ना मी साहेबांना. तुम्ही पण ऐकलंत. आता परत काय सांगू?"

रागावली असती तर मी समजूत घातली असती. ती खरंच रिकामी झाली होती. जे सांगायचं होतं ते तिने मला वाचवायला खर्च केलं होतं, आणि इतकं नीट, की खऱ्या तासातही तिने याहून वेगळं काही सांगितलं नसतं.

त्या बुटक्या बाकात माझे गुडघे अडकले होते. माफ कर, एवढंच म्हणायचं होतं. पण अकरा मुलं मान वळवून माझ्याकडे बघत होती, आणि बाईने मुलीची माफी मागायची पद्धत आमच्या शाळेत नव्हती. म्हणजे मीच ती पाडली नव्हती. मी उठले, फळ्यापाशी गेले आणि भागाकाराचं पान काढायला सांगितलं. तिने पान काढलं. तारीखसुद्धा लिहिली.